कर्ता बदलला की क्रियापद बदलतं

जपानी भाषेच्या सर्वांत वरच्या, एन-वन परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या शब्दयादीत 'शिनऱ्याकु' हा शब्द असतो. (मराठीला या उच्चाराचं भय नाही, 'दऱ्या'तला ऱ्या आपल्याकडे तयारच आहे.) अर्थ दिलेला असतो: आक्रमण. त्याच यादीत थोडं पुढे-मागे 'शिनशुत्सु' भेटतो: आगेकूच, नव्या क्षेत्रात पाऊल टाकणं. पुण्यातल्या माझ्या रविवारच्या वर्गात गेल्या महिन्यात या दोन शब्दांवरून वाद पेटला आणि व्याकरणाचा तास त्यातच वाहून गेला. एकाचं म्हणणं, दोन्ही शब्द एकच. सैन्य शेजारच्या देशात शिरलं, तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर नाव ठरतं. दुसऱ्याने फोनवर न्यायमूर्ती राधाबिनोद पाल, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर तोक्योत चाललेल्या खटल्यातले भारतीय न्यायाधीश, शोधून काढले आणि 'आपल्याच माणसाने जपानला निर्दोष ठरवलंय' म्हणून विषय मिटवून टाकला. तिसरी म्हणाली, जपान्यांनी पाठ्यपुस्तकातून तो शब्दच पुसला, खोटारडे आहेत. तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, आणि तिघंही भलत्याच जागी भांडत होते.

माझं मत आधीच सांगून टाकते. 'शिनऱ्याकु' हा दृष्टिकोनाचा शब्द नाही, घटनेचा आहे. खून आणि अपघात यांत जसा फरक असतो, तसा तो आणि 'शिनशुत्सु' यांत आहे. दोन्हींत माणूस मेलेला असतो, पण म्हणून शब्द अदलाबदलीचे होत नाहीत. शब्द प्रामाणिकपणे वापरलाय की नाही, हे तपासायची मला एकच रीत येते, आणि ती शाळेतल्या व्याकरणाची आहे. मराठीच्या कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं: तो जातो, ती जाते, ते जातात. भाषेला ते शोभतं. इतिहासात मात्र कर्ता बदलल्याबरोबर क्रियापद बदललं, म्हणजे 'ते आक्रमण करतात' आणि 'आम्ही आगेकूच करतो' असं होऊ लागलं, की वाक्यात काहीतरी लपवलंय हे नक्की समजावं.

ज्या प्रकरणामुळे हे दोन शब्द जगभर गाजले, ते १९८२ सालचं. त्या वर्षी २६ जूनला जपानी वर्तमानपत्रांनी बातमी छापली की शिक्षण मंत्रालयाच्या पाठ्यपुस्तक तपासणीत उत्तर चीनवरच्या 'शिनऱ्याकु'चं 'शिनशुत्सु' करायला लावलं. चीनने जुलैत अधिकृत निषेध नोंदवला, दक्षिण कोरियात लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्टच्या अखेरीस मुख्य कॅबिनेट सचिव किइची मियाझावा यांना निवेदन काढावं लागलं, आणि नोव्हेंबरात तपासणीच्या निकषांत एक नवं कलम आलं: शेजारी देशांशी असलेल्या अलीकडच्या इतिहासाची मांडणी करताना आंतरराष्ट्रीय सामंजस्याचं भान ठेवावं. आता या गोष्टीतला अडचणीचा भाग. ज्या पुस्तकावरून गदारोळ झाला, त्यात त्या वर्षी तो बदल झालाच नव्हता. पत्रकारांनी तपासणीची कामं आपसांत वाटून घेतली होती, एकाची चूक सगळ्यांनी छापली. सांकेई या दैनिकाने सप्टेंबरात माफी मागितली. जपानमधले उजवे आज चाळीस वर्षांनंतरही ही चूक नाचवतात, आणि ते तसं करू शकतात याचा दोष बातमी देणाऱ्यांकडेच जातो. शब्दाच्या प्रामाणिकपणासाठी भांडणाऱ्याने आपला तपशील आधी तपासायला नको?

पण चुकीच्या बातमीच्या मागे खरी गोष्ट होतीच. मंत्रालयाचे तपासनीस कित्येक वर्षं लेखकांना हा शब्द मवाळ करायला सुचवत होते. इतिहासकार साबुरो इएनागा यांना १९८० च्या तपासणीत हीच सूचना आली होती. हे गृहस्थ १९६५ पासून सरकारशी पाठ्यपुस्तकांवरून कोर्टात भांडत होते. एकामागून एक तीन दावे लावले, शेवटचा निकाल १९९७ च्या ऑगस्टमध्ये लागला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. बत्तीस वर्षं! सर्वोच्च न्यायालयाने तिसऱ्या दाव्यात चार ठिकाणची सरकारी ढवळाढवळ बेकायदा ठरवली. जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीचा उल्लेख काढायला लावणं हे त्यांतलं एक. 'शिनऱ्याकु'चा मुद्दा मात्र त्या चारांत नव्हता. तपासणीत दोन प्रकारचे शेरे असत, एक पाळायलाच हवा असा, दुसरा पाळलात तर बरं असा. शब्द बदलण्याची सूचना दुसऱ्या प्रकारची होती, इएनागांनी ती मानली नाही आणि शब्द राहिला. सक्ती नव्हती म्हणून बेकायदा नाही. कायद्याच्या अंगाने हे समजू शकतं. पण सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही विचारा, 'पाहा, जमलं तर' असं वरिष्ठ म्हणतात तेव्हा किती जणांना ते जमत नाही?

माझ्या विद्यार्थ्याने 'एकच अर्थ' म्हटलेल्या त्या दोन शब्दांकडे जरा जवळून पाहू. 'शिनशुत्सु' आजच्या जपानीत कुठे भेटतो? जपानी मोटार कंपनी चाकणला कारखाना काढते, ते शिनशुत्सु. शाळेचा बेसबॉल संघ अंतिम फेरीत पोचतो, ते शिनशुत्सु. शब्दात घाम आहे, कर्तबगारी आहे, रक्त नाही. मुख्य म्हणजे पलीकडे कुणी माणूसच नाही. रिकाम्या जागेत पाऊल टाकावं तसा तो पुढे जातो. 'शिनऱ्याकु'त दोन अक्षरं आहेत: पहिलं हळूहळू आत घुसण्याचं, दुसरं हिसकावून घेण्याचं. हिसकावायचं तर समोर कुणीतरी लागतोच. (हे दुसरं अक्षर जपानीत 'गाळणे, संक्षेप करणे' या अर्थानेही येतं. पाठ्यपुस्तकाच्या इतिहासात हा योगायोग मला दरवेळी खटकतो.) आणि हा शब्द काही परक्यांनी जपान्यांच्या माथी मारलेला नाही. सोळाव्या शतकातला जपानी सरदार ताकेदा शिंगेन, त्याच्या निशाणावर प्राचीन चिनी युद्धशास्त्रकार सुन्-त्झूची वचनं होती: वाऱ्यासारखं वेगवान, वनासारखं शांत, 'शिनऱ्याकु' आगीसारखं, पर्वतासारखं अचल. दुसरं अक्षर किंचित वेगळं, सरळ लुटीचं, पण उच्चार तोच. जपान्यांचा स्वतःचाच शब्द आहे, अभिमानाने निशाणावर मिरवलेला. मग विसाव्या शतकात त्याची लाज का वाटू लागली?

कारण मधल्या काळात जगाने आक्रमणाला गुन्हा म्हणायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून जपानी सरकारी भाषा कर्तरी प्रयोगात फार तरबेज झाली. १९३१ च्या १८ सप्टेंबरला जपानच्या क्वांतुंग फौजेने ईशान्य चीनमधल्या मुकडेनजवळ स्वतःच रुळांवर स्फोट घडवला आणि त्याचं निमित्त करून मांचुरिया गिळला. नाव दिलं 'मांचुरियाचं प्रकरण'. १९३७ ला चीनशी सुरू झालेलं सर्वंकष युद्धही 'प्रकरण'च. युद्ध म्हटलं असतं तर अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्यांमुळे तिथून येणारा माल अडला असता. १९४३ ला ग्वादलकनालहून फौज मागे आली, तर लोकांना 'दिशा बदलून आगेकूच' असं सांगितलं गेलं. याच्या उलट तेराव्या शतकात कुबलाई खानाची जहाजं क्यूशूच्या किनाऱ्याला लागली, त्या घटनेचं रूढ जपानी नाव 'गेनको', म्हणजे युआन दरोडेखोर. आणि १५९२ ला तोयोतोमी हिदेयोशीने कोरियात दीड लाखावर फौज उतरवली, तिला पुस्तकं बहुधा म्हणतात 'शुप्पेई', सैन्य पाठवणं. ते आले तर दरोडा, आम्ही गेलो तर रवानगी.

आता पालांकडे येऊ, कारण त्या वादातलं सगळ्यांत वजनदार म्हणणं त्यांचंच. तोक्यो खटल्याच्या अकरा न्यायाधीशांतले ते एकटेच, ज्यांनी सर्व आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त ठरवलं. त्यांचा मुख्य मुद्दा असा की आक्रमण हा गुन्हा आहे असं घटना घडल्या तेव्हा आंतरराष्ट्रीय कायद्यात ठरलेलंच नव्हतं, त्याची व्याख्याही नव्हती, आणि ज्यांची स्वतःची साम्राज्यं आक्रमणावर उभी आहेत त्यांनी न्यायासनावर बसावं हा विजेत्यांचा न्याय झाला. हे साधं बोलणं नाही. खटला चालू असताना, १९४७ ला, डच फौजा इंडोनेशियात घुसत होत्या आणि हेग त्याला 'पोलीस कारवाई' म्हणत होतं. (पुढल्याच वर्षी आपणही हैदराबादेत तोच शब्द वापरला. मराठवाड्यात जुनी माणसं अजून 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. निजामाच्या जाचातून सुटका झाली हे खरं, पण फौज पोलिसांची नव्हती हेही खरंच.) पालांचं म्हणणं मी निम्मं मान्य करते. शिक्षा द्यायची तर कायदा आधीपासून हवा, यात वाद नाही. पण पालांनी काय नाकारलं आणि काय नाही, हे त्यांचं नाव घेऊन भांडणारे कधी वाचतात का? नानजिंगमध्ये आणि इतरत्र जपानी सैन्याने अत्याचार केले याचा पुरावा जबरदस्त आहे, हे त्याच निकालपत्रात आहे. त्यांनी गुन्हेगारांना फाशी द्यायचा अधिकार नाकारला. जे घडलं त्याला नाव ठेवायचा अधिकार इतिहासाकडून काढून घेतला नाही. कोर्टाचं 'निर्दोष' आणि इतिहासाचं 'घडलंच नाही' यांची गल्लत आपण एरवी करत नाही, मग इथेच का करावी? शिवाय व्याख्या नव्हती हे तरी कितपत खरं? युद्ध हे राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून वापरणार नाही, अशी १९२८ च्या पॅरिस करारावर जपानची सही होती. मांचुरियाच्या चौकशीला लिटन आयोग गेला, आणि त्याआधारे झालेल्या अहवालावर १९३३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रसंघात ४२ विरुद्ध १ असं मतदान झालं. तो एक म्हणजे जपान. १९७४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आक्रमणाची व्याख्याही करून टाकली: दुसऱ्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वाविरुद्ध, प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध सशस्त्र बळाचा वापर. कुठल्या बाजूने पाहता, हा प्रश्न त्या व्याख्येत नाही.

तरीही २०१३ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान शिंझो आबे संसदेत म्हणाले की आक्रमणाची व्याख्या अभ्यासकांतही ठरलेली नाही आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरही. ती कुठल्या बाजूने पाहता त्यावर अवलंबून असते. माझा विद्यार्थी नेमकं हेच बोलला होता, त्याला ते कुणाचं वाक्य आहे याची कल्पनाही नव्हती. न्यायाने सांगायचं तर जपानी पंतप्रधानांची परंपरा एवढ्यावर संपत नाही. १९९३ च्या ऑगस्टमध्ये मोरिहिरो होसोकावांनी पत्रकार परिषदेत ते आक्रमणाचं युद्ध होतं, चुकीचं युद्ध होतं, असं साफ सांगितलं. (पक्षांतून ओरड झाली, आणि दोन आठवड्यांनी संसदेतल्या भाषणात 'आक्रमणाचं युद्ध'चं 'आक्रमणाची कृत्यं' झालं.) १९९५ ला तोमिइची मुरायामांनी 'वसाहती सत्ता आणि शिनऱ्याकु' म्हणत माफी मागितली. २०१५ ला खुद्द आबेंच्या निवेदनात तो शब्द आला, पण कसा? 'घटना, आक्रमण, युद्ध' अशा माळेत, पुन्हा कधीही करायच्या नाहीत त्या गोष्टींच्या यादीत. कुणी केलं, कुणावर केलं, ते त्या वाक्यात नाही. जपानीत कर्ता गाळायची सोय भाषेतच आहे आणि ती एरवी मला फार आवडते; पण इथे ती वापरली गेली 'सांडलं', 'फुटलं' म्हणणाऱ्या घरातल्या पोरासारखी. मग २०२२ आलं. रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसले, आणि काही दिवसांतच जपानी सरकार 'शिनऱ्याकु' म्हणू लागलं. परराष्ट्र खात्याच्या कागदांत आज 'रशियाने युक्रेनवर केलेलं शिनऱ्याकु' हाच रूढ प्रयोग आहे. अगदी योग्य शब्द. पण मला सांगा, नऊ वर्षांत व्याख्या कुठल्या अभ्यासकांनी ठरवली? की रशियाकडे पाहताना बाजू आपोआप सुचली? मॉस्को आपल्या बाजूने त्याला 'विशेष लष्करी मोहीम' म्हणतं. बाजूवर शब्द ठरत असेल, तर तेही मान्य करावं लागेल.

'जपानने आशिया गोऱ्या साम्राज्यांपासून मुक्त केला' हा जपानच्या समर्थकांचा युक्तिवाद मात्र मराठी माणसाला चटकन टाकून देता येत नाही, कारण आपणही १९६१ ला गोव्यात फौज पाठवली आणि लिस्बनच्या लेखी ते आक्रमणच होतं. मग सुटका कुठली आणि हिसकावणं कुठलं, हे कशावर ओळखायचं? मला वाटतं, सुटलेल्याला सोडवणाऱ्याला 'नाही' म्हणता येतं का, यावर. १९६७ च्या जानेवारीत गोव्याने जनमत कौल दिला आणि महाराष्ट्रात विलीन व्हायला सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने नकार दिला. इकडे जीव हळहळला असेल, पण कौल मानला गेला. जपानने १९३२ ला मांचुरियात मांचुकुओ हे बाहुलं राज्य उभं करताना तिथल्या कुणाला विचारलं होतं? कोरियात १९४० मध्ये लोकांना आपली नावं जपानी पद्धतीने बदलायला लावली. ब्रह्मदेशाला १९४३ ला 'स्वातंत्र्य' दिलं, आणि जपानने तयार केलेल्या ब्रह्मी सेनानी आँग सानने १९४५ च्या मार्चमध्ये त्याच जपानवर बंदूक रोखली. 'नाही' म्हणायचा तेवढाच मार्ग शिल्लक होता.

एवढं लांब तरी कशाला जायचं? सेल्युलर जेल मराठी घराला सावरकरांमुळे तोंडपाठ आहे. कोलूपासून कोठडीच्या क्रमांकापर्यंत सगळं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. पण १९४२ च्या मार्चपासून साडेतीन वर्षं तोच तुरुंग जपान्यांच्या हातात होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? डॉक्टर दिवाणसिंग तिथल्या भारतीय स्वातंत्र्य संघाचे पुढारी. हेरगिरीच्या संशयावरून त्यांचे त्याच तुरुंगात हाल केले गेले आणि १४ जानेवारी १९४४ ला त्यांनी प्राण सोडला. आणखी पंधरवड्याने, ३० जानेवारीला, अंदमानातल्याच हम्फ्रीगंजला जपान्यांनी ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवून महिना झाला होता. नेताजींचा आदर करणाऱ्याला हे आठवणं जड जातं, मला जातं. पण जपानची बाजू घेताना 'कुठल्या बाजूने पाहता' असं म्हणणाऱ्याने एकदा हम्फ्रीगंजच्या बाजूनेही पाहायला हरकत नसावी.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत खरा. ब्रिटन, फ्रान्स, हॉलंड, कोण आपल्या पोरांना 'आपण आक्रमण केलं' असं शिकवतो? एकट्या जपानने स्वतःच्या पाठीवर आसूड का ओढून घ्यावा? तिकडे या तक्रारीला एक नावच आहे, 'जिग्याकु', स्वतःचा छळ करणारा इतिहास. दुजाभाव होतो हे मी अजिबात नाकारत नाही. पण दुजाभावावर उपाय शब्द सगळ्यांना लावणं हा आहे की कुणालाच न लावणं? आणि 'सगळ्यांना' म्हटलं की आपली पाळी येतेच. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालमध्ये उतरत होती. १७५१ च्या तहात ओरिसा मिळाला, वर बारा लाखांची चौथाई ठरली. आपल्या लिखाणात त्या 'स्वाऱ्या' आहेत. शब्द पाहा: बायका ज्याने नवऱ्याचं कौतुक करतात, 'आमची स्वारी अजून आली नाही', तोच. दुसरे आले की मात्र ते 'परचक्र'. भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांना बंगालच्या नवाबाने, अलीवर्दीखानाने, भेटीला बोलावून दगा दिला, ते आपल्याला लख्ख आठवतं. ते मुळात तिथे काय करत होते, हे बंगालच्या अंगाईला आठवतं. तिथे बाळाला झोपवताना ज्या 'बर्गीं'ची भीती घालतात ते आपले बारगीर. गेनको आणि शुप्पेई यांची आपली मराठी जोडी ही अशी तयार आहे. जपानला नावं ठेवून झाल्यावर तिच्याकडे पाहायला मला संकोच वाटला, हे कबूल करते.

वाद संपेना म्हणून त्या रविवारी मी वर्गाला 'शिनऱ्याकु' वापरून एकेक वाक्य लिहायला सांगितलं. वह्या गोळा केल्या. मंगोलांचं शिनऱ्याकु, रशियाचं, इंग्रजांचं दोनदा, अब्दालीचं, एकाने परग्रहवासीयांचं. नागपूरहून आलेल्या मुलीच्या वहीत रघूजी भोसले आणि बंगाल होते, विभक्तिप्रत्यय बिनचूक, आणि क्रियापदाच्या जागी पेन्सिलीने आखलेली रिकामी चौकट. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "सेन्सेई, इथे कोणतं येईल?"

"दुसऱ्यांच्या वह्यांत काय आलंय?"

तिने मान हलवली, तिथेच उभ्याने शब्द लिहिला, आणि वही मिटता मिटता विचारलं, "असं वाक्य परीक्षेत आलं तर?"

"नाही येणार," म्हटलं.